सदतीसनं समोर

२०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगा वळसा घेऊन उत्तरेकडे वाहू लागते. त्या वळणावरच्या देवळांना आमच्याकडे विदर्भाची काशी म्हणतात. शिवरात्रीला तिथं मुंगीला शिरायला जागा नसते. आम्ही चंद्रपूरहून मूलमार्गे पहाटेच निघालो होतो, तरी रांग नदीच्या रेतीपर्यंत आलेली. माझ्यापुढं मामाजी उभे होते. आयुष्यभर कोळसा खाणीत नोकरी करून निवृत्त झालेले, वय सत्तरीला टेकलेलं, हातात बेल-नारळाची पिशवी. मोबाइलला रेंज येत होती, जात होती. एकदाची आली तेव्हा मी आकडा वाचला.

"काय झालं बाबू?"

"चोवीसवर तीन."

मामाजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, देवळाच्या शिखराकडं पाहिलं आणि म्हणाले, "आता देव तरी का करते मग."

नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला होता. विदर्भ विरुद्ध केरळ. केरळनं नाणेफेक जिंकून विदर्भाला फलंदाजी दिली आणि तासाभरात तीन गडी टिपले. चंद्रपूरहून नागपूरला जाणारी एसटी वरोरा, जाम, बुटीबोरी करत येते तेव्हा हे स्टेडियम खिडकीतून दिसतं. गडचिरोलीची गाडी नागभीड-उमरेडकडून जाते, तिच्या वाट्याला तेवढंही येत नाही. मामाजी त्या मैदानात आयुष्यात एकदाही गेलेले नाहीत. विदर्भाच्या अकरा जणांपैकी एकालाही ते ओळखत नाहीत, आणि त्या अकरांना तर मामाजी माहीत असण्याचं कारणच नाही. संघ जिंकला तर यांच्या पेन्शनमध्ये रुपयाची भर पडणार नव्हती. तरीही चोवीसवर तीन ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते एरवी घरात कुणी आजारी पडल्यावर येतं.

हे काय असतं? ज्या खेळात आपला हात नाही, पाय नाही, पैसा नाही, त्याच्यासाठी माणसाचा जीव का टांगणीला लागतो? आणि मोसमाच्या शेवटच्या सामन्यात तो इतका का ताणला जातो? मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नांवर पन्नासेक वर्षं बरंच काम केलं आहे. ते वाचताना मला सारखे मामाजी आठवत राहतात.

दोन भाषांत मावणारा शब्द

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत अगदी साधी होती. सात विद्यापीठांत त्यांनी सोमवारच्या तासाला विद्यार्थी काय घालून येतात हे मोजलं. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल तर सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले शर्ट वर्गात जास्त दिसायचे. मग त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून सामन्याचं विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना मुलं 'वी' म्हणजे 'आम्ही' हा शब्द सहज वापरत. हरलेल्या सामन्यात तो मागे पडे आणि खेळाडू 'ते' होत. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात जरा वेळ उभं राहणं, असा या वागण्याचा अर्थ लावला गेला. पुढं १९८० च्या दशकात उलट बाजूचाही अभ्यास झाला : हरणाऱ्यापासून माणूस कसा गुपचूप दोन पावलं बाजूला सरकतो.

या संशोधनाला इंग्रजीची एक अडचण होती. इंग्रजीत 'वी' एकच. हिंदीतही 'हम' एकच. मराठीत मात्र दोन आहेत. 'आम्ही जिंकलो' यात ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण जिंकलो' यात तोही आत येतो. आमच्याकडं दक्षिणेला, सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या माणसाकडंही हे दोन शब्द आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारा 'मेमु' आणि त्याला सामावून घेणारा 'मनम्'. क्रिकेटबद्दल बोलताना मामाजींच्या तोंडून 'आम्ही' कधीच येत नाही. 'आम्ही जिंकलो' म्हणायला प्रत्यक्ष खेळावं लागतं. 'आपण जिंकलो' म्हणायला शेजारी कुणीतरी ऐकणारा असला की पुरतं. चाहतेपणाचं सगळं मर्म मला या एका सर्वनामात दिसतं. चाहता म्हणजे कुणी न विचारता, स्वतःच्या जिवावर 'आपण' म्हणणारा माणूस.

आणि हे 'आपण' काढूनही घेता येतं. मार्च २०२४ मध्ये रणजीचा अंतिम सामना मुंबईत वानखेडेवर झाला. मुंबई पहिल्या डावात २२४ वर आटोपली तेव्हा मामाजी म्हणाले, "आपण धरलं त्यायले." दुसऱ्या दिवशी विदर्भ १०५ धावांत बाद झाला. त्या संध्याकाळी वाक्य होतं, "या लोकायले खेळताच येत नाही." चोवीस तासांत 'आपण'चे 'हे लोक' झाले. पुढं ५३८ धावांचं अशक्य लक्ष्य समोर असताना कर्णधार अक्षय वाडकरनं शतक केलं, हर्ष दुबेनं ६५ धावांची साथ दिली आणि सामना पाचव्या दिवसापर्यंत खेचला. मुंबई १६९ धावांनी जिंकली, करंडक त्यांचा बेचाळिसावा. पण पाचव्या दिवशी सकाळी मामाजींच्या बोलण्यात 'आपण' पुन्हा आलं होतं. हरताना लढणाऱ्याशी नातं सांगायला माणसाला लाज वाटत नाही. सियाल्डिनींच्या सोमवारच्या मोजणीत हे बसत नाही. संघाशी घट्ट बांधलेला चाहता पराभवानंतरही फार लांब जात नाही, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

आपला कोण?

या 'आपण'ची सीमा कुठं आखायची, हा प्रश्न विदर्भाच्या चाहत्याला जरा जास्तच सतावतो. महाराष्ट्र राज्य एक, पण रणजीत संघ तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. म्हणजे ब्रह्मपुरीचा किंवा आरमोरीचा मुलगा राज्यानं महाराष्ट्राचा असला तरी क्रिकेटमध्ये 'महाराष्ट्र' हा त्याचा प्रतिस्पर्धी. विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या मोसमापासून रणजी खेळतो आहे. त्यानंतर साठ वर्षं त्यानं अंतिम फेरीचं तोंड पाहिलं नव्हतं. मुंबई एकामागून एक करंडक नेत असताना विदर्भाचं नाव गुणतक्त्यात तळाशी शोधावं लागे.

२०१७-१८ मध्ये ते पालटलं. कोलकात्यातल्या उपांत्य सामन्यात विदर्भानं कर्नाटकला फक्त ५ धावांनी हरवलं. रजनीश गुरबानीनं दुसऱ्या डावात सात गडी बाद केले. मग इंदूरला अंतिम सामन्यात त्याच गुरबानीनं दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली आणि २०१८ च्या पहिल्या दिवशी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. कर्णधार फैज फजल. पण विजयी फटका मारणारा वसीम जाफर मुंबईचा, आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचेच. ज्या शहरावर आम्ही जन्मभर रुसलो, त्याच शहरातल्या दोघांनी आमचा वनवास संपवला. कुणाची काही तक्रार होती का? मुळीच नाही. जाफर आमच्या छपरीत तेव्हापासून 'आपला जाफर' झाला.

२०२५ च्या अंतिम सामन्यात तर हा गुंता आणखी वाढला. केरळच्या संघात होता आदित्य सरवटे, नागपूरचा डावखुरा फिरकीपटू. २०१९ साली याच जामठ्यावर सौराष्ट्रविरुद्धच्या अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन त्यानंच विदर्भाला सलग दुसरा करंडक मिळवून दिला होता. या मोसमात तो केरळकडून खेळत होता. आणि विदर्भाकडून खेळत होता करुण नायर : मल्याळी घरातला, कर्नाटकात घडलेला, इंग्लंडविरुद्ध कसोटीत नाबाद ३०३ करूनही भारतीय संघाबाहेर राहिलेला. नागपूरचा पोरगा केरळकडं, मल्याळी घरचा पोरगा विदर्भाकडं. रक्त, गाव, बोली यांवर 'आपलेपण' ठरत असतं तर त्या पाच दिवसांत आमच्या डोक्याचा भुगा व्हायला हवा होता. झालं काय? चोवीसवर तीन असताना नायर आणि एकवीस वर्षांचा दानिश मालेवार यांनी २१५ धावांची भागीदारी केली आणि नायर ८६ वर धावबाद झाला तेव्हा मार्कंड्याहून परतताना मामाजींनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी सरवटेनं अर्धशतक ओलांडलं. मामाजी म्हणाले, "याले आपणच शिकवलं ना!" रागही त्यात होता, अभिमानही होता.

सामाजिक मानसशास्त्रात याचं उत्तर असं मिळतं : माणूस स्वतःची ओळख काही प्रमाणात गटांकडून उसनी घेतो. गट कोणता हे पुष्कळदा योगायोगानं ठरतं, पण एकदा ठरलं की त्या गटाची वर-खाली ही आपलीच वर-खाली वाटू लागते. झाडीपट्टीतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. पटात धावते ती कुणाच्या तरी गोठ्यातली बैलजोडी. पण ती गावाच्या नावानं धावली की तिच्या मागं अख्खं गाव ओरडतं. बैल त्या गावात जन्मले की बाजारातून आणले, हे कुणी विचारत नाही.

खळ्यावर आलेलं धान

मोसमातला पहिला सामना आणि शेवटचा सामना नियमानं सारखेच. बावीस यार्डांची खेळपट्टी, सहा चेंडूंचं षटक. तरी शेवटचा सामना बघताना घास का उतरत नाही?

धान पिकवणाऱ्या मुलखात याचं उत्तर सोपं आहे. रोवणीच्या वेळी पाऊस चुकला तर वाईट वाटतं, पण वेळ हाताशी असते. धान कापून शेतात पुंजणे रचून ठेवलेत आणि तेव्हा आभाळ भरून आलं, तर शेतकऱ्याला झोप लागत नाही. सरी त्याच, पाणी तेवढंच. आता मात्र त्या पावसाखाली सहा महिन्यांची मेहनत उघडी पडलेली असते. मोसमाच्या अखेरच्या सामन्यात प्रत्येक चेंडूखाली आधीचे सगळे सामने असे उघडे पडलेले असतात.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हे टोकाला जातं. तिथं एक संघ नियमित मोसमात १६२ सामने खेळतो. एप्रिलमधला पराभव कुणी फारसा मनावर घेत नाही. तोच पराभव सप्टेंबरच्या अखेरीस आला, तर काही शहरांत लोक जेवत नाहीत. बेसबॉलच्या आकडेशास्त्रज्ञांनी सामन्यातल्या प्रत्येक क्षणाचं वजन मोजायचीही पद्धत काढली आहे : या घडीला जे होईल त्यानं निकालाची शक्यता किती हलेल, यावरून ते वजन ठरतं. त्याच खेळात बोस्टनच्या चाहत्यांनी विजेतेपदासाठी ८६ वर्षं वाट पाहिली, २००४ पर्यंत. शिकागोच्या कब्सवाल्यांनी १०८ वर्षं, २०१६ पर्यंत. आमची साठ वर्षं त्यापुढं किरकोळ, पण त्या लोकांची नावं-गावं माहीत नसताना त्यांचं दुःख मला नेमकं कळतं.

एक फरक मात्र मोठा आहे. बेसबॉलमध्ये बरोबरी चालत नाही, निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळत राहायचं. रणजीत साखळीत चार आणि बाद फेरीत पाच दिवसांत निकाल लागला नाही तर सामना अनिर्णित. साखळीत अशा सामन्यात पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ गुण आणि दुसऱ्याला १ मिळतो, तर सरळ विजयाला ६. बाद फेरीत मात्र आघाडीवालाच पुढं जातो. अंतिम सामना अनिर्णित राहिला तर आघाडी घेणारा संघ करंडक उचलतो. त्यामुळं पहिले दोन डाव संपतात त्या क्षणी सामन्याचं नशीब पुष्कळदा ठरून जातं, मग पुढं दोन दिवस शिल्लक का असेनात.

केरळला हे आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. जम्मू-काश्मीरविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात ते पहिल्या डावातल्या एका धावेच्या आघाडीवर तरले. गुजरातविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दोन धावांच्या. त्या सामन्यात गुजरातचा शेवटचा फलंदाज नागवासवालानं जोरदार फटका मारला, चेंडू जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि थेट कर्णधार सचिन बेबीच्या हातात गेला. केरळ ४५७, गुजरात ४५५. हेल्मेटनं एका राज्याला इतिहासातल्या पहिल्या अंतिम फेरीत पोचवलं. असा संघ समोर असताना विदर्भाच्या ३७९ धावा पुरेशा आहेत असं म्हणायची कुणाची छाती होती?

पाठ करून उभे मामाजी

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. तिसरा दिवस. मामाजींच्या घरासमोरच्या छपरीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, मधल्या स्टुलावर मोबाइल, मोबाइलला टेकू म्हणून पाण्याचा तांब्या. सरवटे ७९ वर गेला होता, पण सचिन बेबी हलत नव्हता. आघाडीसाठी लागणाऱ्या धावा हळूहळू कमी होत चालल्या होत्या. मामाजींनी हातातला चहा पिणं सोडून दिलं होतं. त्यावर साय धरली.

त्या दुपारी मामाजींच्या शरीरात काय चाललं असेल, याचा अंदाज बांधता येतो. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा ब्राझील-इटली अंतिम सामना टीव्हीवर बघणाऱ्या पुरुष चाहत्यांची लाळ संशोधकांनी सामन्याआधी आणि नंतर तपासली. ब्राझीलवाल्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढलं होतं, इटलीवाल्यांचं घटलं होतं. हे संप्रेरक झुंजीच्या निकालानुसार वर-खाली होतं, हे खेळाडूंमध्ये आधीच दिसलं होतं. इथं झुंजणारे मैदानात होते, बघणारे खुर्चीत, आणि शरीरानं दोघांत फरक केला नाही. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी याहून गंभीर गोष्ट नोंदवली. जर्मनीचे सामने असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या अडीचपटीहून अधिक झाल्या. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका जास्त. मामाजींची बीपीची गोळी त्या दिवशी मीच आठवणीनं दिली, ती या अभ्यासामुळं.

ऊन छपरीत आलं तसे मामाजी खुर्ची आत ओढायला उठले. त्यांची पाठ मोबाइलकडं असताना पार्थ रेखडेच्या चेंडूवर सचिन बेबीनं फटका उचलला आणि सीमेजवळ करुण नायरनं झेल घेतला. बेबी ९८ वर बाद. मी ओरडलो. मामाजी वळायला लागले तसा मी म्हणालो, "मामाजी, वळू नका! तुम्ही तिकडंच पाहा."

आणि सत्तरीचा तो माणूस खरंच वळला नाही. अंगणातल्या सीताफळाच्या झाडाकडं तोंड करून, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मी इकडून चेंडू-चेंडू सांगत होतो. केरळचं शेपूट गुंडाळलं जाईपर्यंत मामाजी झाड पाहत होते.

हसू येण्यासारखीच गोष्ट आहे ही. पण मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की शंभर वर्षांपूर्वी प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिले तेव्हा त्यांनी हेच पाहिलं होतं. तिथले लोक किनाऱ्यालगतच्या उथळ, शांत पाण्यात मासे धरायला जाताना काही मंत्रतंत्र करत नसत. खोल समुद्रात जाताना मात्र सगळे विधी साग्रसंगीत होत. जिथं कौशल्यावर भागतं तिथं जादूची गरज पडत नाही. जिथं आपल्या हाती काही उरत नाही तिथं ती लागते. आमच्याकडं मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावात जाळं टाकताना कुणी देवाला हात जोडत बसत नाही, जंगलात शिरताना मात्र वाघदेवापुढं हात आपोआप जोडले जातात. चाहत्याच्या हाती तर काहीच नसतं. ना बॅट, ना चेंडू. मग निदान खुर्ची कुठं ठेवायची आणि तोंड कुठं करायचं, एवढं तरी आपल्या हाती आहे असं तो स्वतःला पटवतो. असहायतेवरचा घरगुती उपाय तो.

"किती झाले?" सीताफळाकडं बघतच मामाजींनी विचारलं.

"तीनशे बेचाळीस. ऑलआउट."

त्यांनी बोटांवर हिशेब केला, तरीही खात्रीसाठी पुन्हा केला, मग वळले. "सदतीसनं समोर आहो ना बे आपण!"

दोन डोळे, दोन सामने

केरळच्या एखाद्या घरात त्याच घडीला कुणी काका अंगणाकडं तोंड करून उभे असतील, आणि त्यांना बेबीचा तो फटका वेगळाच दिसला असेल. आम्हाला रेखडेनं लावलेला सापळा दिसला, त्यांना दोन धावांनी हुकलेलं शतक आणि विनाकारण उचललेला चेंडू.

१९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकन विद्यापीठांचा फुटबॉल सामना फार आडदांडपणे खेळला गेला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवून नियमभंग मोजायला लावले. डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे गुन्हे डार्टमथच्या मुलांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. फिल्म एक होती, सामने दोन दिसले. पंचाचा निर्णय 'सरळसरळ चूक' वाटतो तेव्हा हा अभ्यास आठवावा, असं मी मामाजींना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "पण खरंच चूक होती ना."

न जिंकता जिंकणं

चौथ्या दिवशी विदर्भाचे दोन गडी पुन्हा झटपट गेले. ३१ वर असताना नायरचा झेल स्लिपमध्ये सुटला. तो झेल आम्ही अजूनही अधूनमधून मनातल्या मनात सोडवून बघतो. त्यानंतर नायरनं शतक केलं आणि हाताची नऊ बोटं दाखवली : मोसमातलं नववं शतक. मालेवारनं पहिल्या डावातल्या १५३ धावांनंतर ७३ केल्या.

रविवार, २ मार्च. पाचवा दिवस. आता विदर्भाला काही करायचं नव्हतं. फक्त खेळत राहायचं, बाद व्हायचं नाही, वेळ काढायचा. नायरला १३५ वर बाद केलं ते सरवटेनंच. पण आघाडी वाढत गेली तशी केरळची आशा विरत गेली. दुपारी दुबईत भारत-न्यूझीलंड सामना होता. टपरीवरच्या टीव्हीवर पोरं त्याची वाट बघत होती. मामाजींनी मोबाइल सोडला नाही. दर्शन नळकांडेनं अर्धशतक पूर्ण केलं, विदर्भ ९ बाद ३७५ वर असताना दोन्ही संघांनी हात मिळवले आणि सामना अनिर्णित सुटला. कागदावर कुणी जिंकलं नव्हतं. करंडक विदर्भाचा, तिसऱ्यांदा. अख्ख्या मोसमात एकही पराभव नाही. हर्ष दुबेचे ६९ बळी, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. यश राठोडच्या ९६० धावा. आणि उपांत्य सामन्यात मुंबईवर ८० धावांनी मात, वानखेडेचं सगळं व्याजासकट.

बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल असा तो आनंद होता. शेवटचा षटकार नाही, उडणारे स्टंप नाहीत, अकरा माणसं नुसती हस्तांदोलन करत आहेत. पण चाहत्याची भीती जितकी लांबलेली, सुटका तितकी खोल. पिकाचा हिशेब शेतकरी खळ्यावर करतो, तसा मामाजींनी मोसमाचा हिशेब केला. कोण कितीनं हरलं, कोण कसं खेळलं, सगळं पहिल्यापासून. ऐकायला मी होतो, शेजारचे दोघं होते, आणि टपरीवरून दुबईचा सामना अर्धा सोडून आलेला एक पोरगा होता.

डॅनियल वॅन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून चाहत्यांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांना असं आढळलं की आपल्या भागातल्या संघाशी मनापासून जोडलेली माणसं एकटेपणाच्या तक्रारी कमी करतात, आणि त्याचं श्रेय वॅन संघाच्या विजयाला देत नाहीत, संघामुळं आपोआप जमणाऱ्या सोबतीला देतात. संघ हरला तरी बोलायला माणसं जमतातच. छपरीतल्या त्या संध्याकाळी मला हे संशोधन वाचायची गरज नव्हती, समोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मामाजी जरा गप्प होते. स्टूल घरात गेला होता, तांब्या जागेवर. मोसम संपला की चाहत्याला असं होतंच. पाच महिने रोज सकाळी विचारायला एक प्रश्न असतो, आणि एके दिवशी तो नसतो.

पुढच्या मोसमात करुण नायर पुन्हा कर्नाटककडून खेळायला गेला. ही बातमी मी जरा घाबरतच मामाजींना सांगितली. सरवटे गेला तेव्हा ते दोन दिवस कुरकुरले होते. आता आणखी एक जण 'ते' झाला, असं मला वाटलं. मामाजींनी पेपर खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं,

"ऐकलं का हो? आपला नायर आता कर्नाटकात खेळून राहिला."